‘सिन्स’ची भानगड

सुपरमार्केटमध्ये इम्पोर्टेड मालाची जी रॅक असते ना, तिच्यासमोर उभं राहिलं की एक शब्द हमखास दिसतो. ‘सिन्स’! सिन्स १७४७, सिन्स १८८६, सिन्स १९२१... बरणीवर, डब्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर. सोनेरी अक्षरांत, शक्यतो एखाद्या मुकुटाच्या नाहीतर ढालीच्या खाली. आणि माल फ्रेंच असेल तर मग विचारूच नका! आपण बिचारे महिनाअखेरीचा हिशेब डोक्यात घेऊन उभे असतो. हात नेहमीच्या बरणीकडे जात असतो, तेवढ्यात ते साल दिसतं. पावणेतीनशे वर्षं जुनी कंपनी? मग चांगलंच असणार की! टाक ट्रॉलीत.

म्हणजे त्या चार आकड्यांचे आपण वेगळे पैसे मोजतो. मोजायला माझी काहीच हरकत नाही. शॉपिंगमधला आनंद हिरावून घेणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे देतोय तर मागची गोष्टही वसूल करून घ्यावी. कारण ‘सिन्स’ फक्त ‘कधी’ ते सांगतं. ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ याबद्दल लेबल चिडीचूप असतं आणि खरी मजा नेमकी तिथेच आहे.

फ्रेंच खाण्यापिण्यातल्या बड्या नावांच्या जन्मकथा उकरून काढल्या, तर राजवाडे, झुंबरं आणि मिशीला पीळ देणारे शेफ फारसे सापडत नाहीत. सापडतात ते पथ्यावरचे पेशंट, परमुलखातून आलेला कॉफीवाला, उरलेलं मांस खपवायच्या विवंचनेतला खाटीक आणि बापाने घराबाहेर काढलेली एक पोरगी. सगळी काहीतरी अडलंय म्हणून हातपाय हलवणारी माणसं. झुंबरं नंतर लागली.

रेस्टॉरंट? ते तर सूप!

सुरुवात ‘रेस्टॉरंट’ या शब्दापासूनच करू या. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये रेस्टॉरंट ही जागाच नव्हती. तो पदार्थ होता! मांस तासन्‌तास शिजवून काढलेलं दाट, ताकद देणारं सूप. फ्रेंचमध्ये ‘रेस्तोरे’ म्हणजे पुन्हा उभं करणं, अंगात तरतरी आणणं. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे पायाचं सूप देतात ना, तसलाच प्रकार.

त्या काळी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे खाणावळीत जायचं. एकच लांबलचक टेबल, जेवणाची वेळ ठरलेली आणि पुढ्यात येईल ते मुकाट्याने खायचं. लाजाळू माणूस तर उपाशीच उठायचा. १७६० च्या दशकात काही मंडळींनी नाजूक तब्येतीच्या लोकांसाठी हे ताकदीचं सूप विकायला खास खोल्या उघडल्या. आता नाजूक तब्येतीच्या गिऱ्हाइकाला काय काय लागतं बघा. त्याला भूक कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून वेळेचं बंधन नको. गर्दी सोसत नाही, म्हणून टेबल वेगळं हवं. प्रत्येकाचं पथ्य वेगळं, म्हणून पदार्थांची यादी हवी, त्यातून ज्याने त्याने निवडायचं. आणि जेवढं खाल्लं तेवढ्याचेच पैसे.

आलं लक्षात? मेन्यू कार्ड, टेबल फॉर टू, स्वतंत्र बिल... ज्याला आपण ‘डायनिंग आउट’ म्हणतो तो सगळा थाट मुळात चैनीसाठी नव्हताच. ते पथ्यपाणी होतं!

आता हे पहिल्यांदा कोणी केलं? जुन्या पुस्तकांत बुलांजे नावाच्या माणसाची गोष्ट हमखास असते. १७६५ साली त्याने म्हणे सुपाबरोबर मेंढीचे पाय पांढऱ्या सॉसमध्ये घालून विकले, मग खानसाम्यांच्या संघाने त्याला कोर्टात खेचलं आणि तो केस जिंकला. गोष्ट फर्मास आहे. पण रेबेका स्पँग या इतिहासकार बाईंनी दप्तरं धुंडाळली, तेव्हा त्यांना या खटल्याचा मागमूसही लागला नाही. २००० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी पहिल्या रेस्टॉरंटवाल्याचा मान दिला तो मातुरँ रोझ द शांतोआझो या गृहस्थांना. हा माणूस भलताच चलाख होता. १७६९ मध्ये त्याने पॅरिसमधल्या धंदेवाल्यांची एक डिरेक्टरी छापली आणि तीत ‘पहिला रेस्टॉरंटवाला’ म्हणून स्वतःचंच नाव टाकून दिलं! म्हणजे रेस्टॉरंट आणि रेस्टॉरंटची पब्लिसिटी ही जुळी भावंडं आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक लाडकी समजूत म्हणजे १७८९ ची राज्यक्रांती झाली, सरदार-दरकदार परागंदा झाले, त्यांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी रेस्टॉरंटं काढली. यात थोडं तथ्य आहे, पण गाडी क्रांतीच्या आधीच सुटली होती. आंतुआन बोव्हिलिए हा राजाच्या भावाच्या पदरी असलेला माणूस. त्याने क्रांतीच्या काही वर्षं आधीच पॅरिसमध्ये आपलं आलिशान रेस्टॉरंट थाटलं होतं. चांगल्या गोष्टीला एक क्रांती जोडली की ती आणखी खपते, एवढंच.

सिसिलीहून आला, कॉफी घेऊन

पॅरिसला जाऊन आलेल्या मित्रमैत्रिणींच्या अल्बममध्ये ‘ल प्रोकोप’चा फोटो असतोच असतो. पॅरिसचा सगळ्यात जुना कॅफे. सिन्स १६८६! म्हणजे शिवाजी महाराजांना जाऊन सहाच वर्षं झाली होती तेव्हाचा.

काढला कोणी? फ्रान्चेस्को प्रोकोपियो या इटालियन माणसाने. तो सिसिली बेटावरून नशीब काढायला पॅरिसला आला होता. कॉफीही फ्रेंच नव्हे. १६७२ मध्ये पॅरिसच्या सेंट जर्मेन जत्रेत कॉफीचा स्टॉल लावला तो पास्कल नावाच्या आर्मेनियन माणसाने. कॉफी तेव्हा परदेशी, काळी, कडू चीज होती. लोक नवल म्हणून घोट घ्यायचे आणि पुढे जायचे. प्रोकोपियोने ओळखलं, की माणसं नुसत्या कॉफीसाठी बसणार नाहीत, ती जागेसाठी बसतील. त्याने आरसे लावले, संगमरवरी टेबलं मांडली. १६८९ मध्ये नेमकं समोरच कॉमेदी फ्रान्सेज हे थिएटर आलं आणि त्याचं नशीब फळफळलं. नाटक सुटलं की नट, लेखक, टीकाकार सगळे याच्याकडे. पुढच्या शतकात व्होल्टेअर, दिदरोसारखी बडी मंडळी तिथे बसू लागली.

म्हणजे ज्याला आपण ‘टिपिकल पॅरिसियन कॅफे’ म्हणतो, तो एका इटालियन माणसाने बाहेरून आलेल्या पेयावर उभा केला. आणि ‘सिन्स १६८६’ म्हणजे सलग तीनशेहून जास्त वर्षं असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कॅफे बंद पडला होता. विसाव्या शतकात तिथे त्याच नावाने रेस्टॉरंट आलं. साल खरं, जागा खरी, पण मधली रिकामी वर्षं लेबलवर कोण लिहितो?

कडू गोळी आणि लंगडा साहेब

आता चॉकलेट. एकोणिसाव्या शतकातलं फ्रान्सचं सगळ्यात मोठं चॉकलेटचं नाव म्हणजे मेनिए. १८१६ साली ज्याँ आंतुआन ब्रूतुस मेनिए याने पॅरिसमध्ये धंदा सुरू केला तो औषधी पावडरींचा! १८२५ मध्ये मार्न नदीकाठी न्वाझिएल गावात त्याने गिरणी घेतली, तीही मुख्यतः औषधं दळायला. चॉकलेट कशाला हवं होतं, तर कडू औषध गिळवावं म्हणून वरून लेप द्यायला. आई गुळाच्या खड्यात गोळी लपवून द्यायची ना? सेम फंडा.

मग व्हायचं तेच झालं. लोकांना गोळीपेक्षा गुळाचा खडा आवडला! १८३६ मध्ये मेनिएंनी पिवळ्या कागदात गुंडाळलेली चॉकलेटची वडी बाजारात आणली. मुलाने, एमिल ज्यूस्तँने, १८६७ मध्ये औषधांचा धंदा विकूनच टाकला आणि सगळं लक्ष चॉकलेटवर लावलं. नदीवर लोखंडी सांगाड्याची नवी गिरणी उभी राहिली, १८७२ मध्ये पुरी झाली. आजही आर्किटेक्चरचे विद्यार्थी ती बघायला जातात. कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. आणि शेवट? १९८८ मध्ये कंपनी नेस्लेकडे गेली. गिरणी राहिली, गाव राहिलं, मेनिए घराण्याचं राज्य मात्र संपलं.

औषधावरून आठवलं, पेरिए पाण्याची ती हिरवी, पोटात फुगीर बाटली बघितलीये? फाइव्ह स्टारमध्ये साध्या पाण्याऐवजी ती मागवली की वेटर जरा जास्तच वाकतो. हे पाणी दक्षिण फ्रान्समधल्या व्हर्जेझ गावच्या झऱ्याचं. नाव लुई पेरिए या डॉक्टरचं. त्याने १८९८ मध्ये झरा विकत घेतला, पण तो जगभर पोचवायला पैसा कुठे होता? पैसा आणला सेंट जॉन हार्म्सवर्थ या इंग्रज तरुणाने. ‘डेली मेल’ काढणाऱ्या लॉर्ड नॉर्थक्लिफचा हा भाऊ. १९०३ च्या सुमारास त्याने झरा घेतला आणि नाव मात्र डॉक्टरचंच ठेवलं. इंग्रजाचं पाणी म्हणून कोण पिणार!

१९०६ मध्ये मोटार अपघातात हार्म्सवर्थ कमरेखाली अधू झाला. हाताची ताकद टिकवायला तो व्यायाम करायचा, तो ‘इंडियन क्लब्ज’ घेऊन. म्हणजे आपल्या तालमीतल्या मुद्गलांचं विलायती रूप. हिंदुस्थानातल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी ते युरोपात नेलं होतं. तर त्या मुद्गलाच्या आकारावरूनच पेरिएची बाटली बेतली गेली! जाहिरात काय, तर ‘टेबल वॉटरमधली शॅम्पेन’. फ्रेंच डॉक्टरचं नाव, इंग्रजाचा पैसा आणि आपल्या आखाड्यातली बाटली. पुढच्या वेळी वेटर वाकला तर त्याला जरूर सांगा.

लढाईवरून आलेली गाय

फ्रिजमध्ये ते गोल डबीतलं त्रिकोणी चीज असेल, तर एकदा झाकण नीट बघा. लाल गाय, खदाखदा हसतेय आणि कानात डूल म्हणून चीजच्याच डब्या. ‘ला वाश की री’, हसणारी गाय. इतकी गोड गाय आली कुठून? पहिल्या महायुद्धातून!

लेआँ बेल हा फ्रान्सच्या ज्युरा डोंगराळ भागातला चीज व्यापारी. वडिलांनी, ज्यूल बेल यांनी, १८६५ मध्ये धंदा सुरू केलेला. युद्धात लेआँची नेमणूक सैनिकांना ताजं मांस पोचवणाऱ्या गाड्यांवर झाली. या गाड्यांना ओळखचिन्ह हवं होतं. बेंजामाँ राबिए या व्यंगचित्रकाराने एक हसरं जनावर काढून दिलं. जर्मनांच्या गाड्यांवर ‘वाल्किरी’चं, म्हणजे त्यांच्या पुराणातल्या युद्धदेवीचं चित्र असायचं. फ्रेंच जवानांनी आपल्या गाईला नाव ठेवलं ‘वाशकिरी’. उच्चार जवळपास तोच, अर्थ मात्र ‘हसणारी गाय’. मरणाच्या दारात बसून केलेली ही टर!

युद्ध संपलं. बेलपुढे प्रश्न होता तो मोठमोठ्या चाकांएवढ्या चीजचा. ते सगळंच्या सगळं खपत नाही, फुटकं-तुटकं वाया जातं. स्विस लोकांनी तोवर चीज वितळवून टिकाऊ करायची युक्ती शोधली होती. बेलने ती उचलली आणि १६ एप्रिल १९२१ ला ‘ला वाश की री’ हे नाव नोंदवून टाकलं. नंतर राबिएकडूनच नवीन चित्र करून घेतलं. बायकोच्या सांगण्यावरून गाईच्या कानात डूल आले. बघा, गाईलासुद्धा ॲक्सेसरीज सुचवायला बाईच लागते!

ही गाय आता आपल्या अंगणात आलीये. २०२२ मध्ये बेल कंपनीने ब्रिटानियाबरोबर भागीदारी केली, ४९ टक्के हिस्सा घेतला आणि पुण्याजवळच्या रांजणगावात हे चीज बनू लागलं. अष्टविनायकाच्या वाटेवर फ्रेंच गाय! गणपतीच्या दर्शनाला जाताना आपण तिच्या गोठ्यावरूनच जातो म्हणा ना.

डिजॉनची मोहरी, कॅनडाचं शेत

आता जरा टोचणारी गोष्ट. सँडविचमध्ये डिजॉन मस्टर्ड हवंच, असं म्हणणारे निदान दोघं तरी प्रत्येक ऑफिसात असतात. या मस्टर्डमधलं बडं नाव म्हणजे ‘माय’ (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार असाच). सिन्स १७४७. संस्थापक आंतुआन क्लोद माय हा मुळात व्हिनेगर बनवणारा. गिऱ्हाईक म्हणून त्याने थेट पंधराव्या लुईचा राजवाडा गाठला. इथे मात्र लेबलवरचा मुकुट अगदीच हवेतला नाही.

पण डिजॉनचं काय? ‘डिजॉन मस्टर्ड’ ही कृती आहे, गावचा दाखला नव्हे. शॅम्पेन फक्त शॅम्पेन प्रांतातलीच. डिजॉन मस्टर्डला तसं बंधन नाही, ते कुठेही बनवता येतं. आणि मोहरी? फ्रान्समध्ये लागणारी बरीचशी मोहरी कॅनडाहून येते. २०२१ मध्ये कॅनडात कडक उन्हाळा पडला, पीक करपलं आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या सुपरमार्केटमधून मस्टर्डच गायब! काही दुकानांनी ‘एका गिऱ्हाइकाला एकच बरणी’ अशी पाटी लावली. फ्रेंच माणूस मोहरीसाठी दुकानं पालथी घालतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. शिवाय डिजॉन शहरातला मस्टर्डचा मोठा कारखाना त्याआधीच, २००९ मध्ये, बंद झालेला. काम शहराबाहेरच्या दुसऱ्या कारखान्यात गेलं. तिथल्या कामगारांना ‘सिन्स’चा काय उपयोग झाला असेल, सांगा बरं?

आणि हो, यातली तपकिरी मोहरी म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ‘ब्रासिका जुन्सिया’. ही कोण ठाऊक आहे? आपल्या फोडणीच्या डब्यातली राई! तडतडली की आपली, वाटून बरणीत भरली की त्यांची.

मी डिजॉन मस्टर्ड खाऊ नका म्हणत नाहीये. मस्त लागतं, नाकात झिणझिण्या येतात. पण आपण पैसे मोजतो ते गावाच्या नावाचे की चवीचे, एवढं तरी आपलं आपल्याला कळायला हवं.

एका बाईचे सहा स्टार

काही दारांवरचं नाव मात्र घाम गाळूनच लागलेलं असतं. युजेनी ब्राझिएचं तसं. जन्म १८९५. दहा वर्षांची असताना आई गेली. मग शेतावर राब राब राबणं. १९ व्या वर्षी लग्नाविना मूल झालं आणि बापाने घराबाहेर काढलं. तान्हं पोर दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवून ही ल्यों शहरात घरकामाला लागली. पुढे एका नावाजलेल्या खाणावळवालीच्या हाताखाली स्वयंपाक शिकली. ल्योंमध्ये अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना ‘मेर’, म्हणजे ‘आई’ म्हणत. श्रीमंतांच्या घरच्या स्वयंपाकाची नोकरी सोडून किंवा गमावून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. १९२१ मध्ये युजेनीने रू रोयाल या रस्त्यावर स्वतःचं छोटं दुकान उघडलं. पाटी ‘ला मेर ब्राझिए’.

इकडे मिशलिन ही टायर कंपनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, टायर झिजावेत, म्हणून १९०० मध्ये तिने मोटारवाल्यांसाठी फुकट गाइड वाटलं होतं. १९२६ मध्ये त्यात स्टार आले आणि १९३१ मध्ये दोन-तीन स्टारांची चढण सुरू झाली. १९३३ मध्ये मेर ब्राझिएच्या दोन्ही जागांना, शहरातल्या आणि डोंगरावरच्या, तीन-तीन स्टार मिळाले. सहा स्टार मिळवणारी जगातली पहिली व्यक्ती! कोंबडीच्या कातडीखाली ट्रफलच्या चकत्या सरकवून शिजवायचं, हा तिचा गाजलेला पदार्थ. तिच्या हाताखाली घडलेलं एक पोर पुढे जगप्रसिद्ध झालं, पॉल बोक्यूज. ‘फ्रेंच शेफ’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर उंच टोपीतला बोक्यूज येतो. त्याची गुरू येत नाही. १९९८ मध्ये ॲलें द्युकासला सहा स्टार मिळाले, तेव्हा कुठे जगाला आठवलं, की हे पासष्ट वर्षांपूर्वी एका बाईने करून ठेवलंय.

उरलेलं मांस आणि कारकुनांचं लंच

शेवटची गोष्ट खास तुमच्या-माझ्यासाठी. लंच अवरवाल्यांसाठी.

बातिस्त आदोल्फ द्युव्हाल हा पॅरिसमधला खाटीक. बड्या घरची गिऱ्हाइकं मांसाचे उत्तम तुकडे घेऊन जायची, मागे राहायचं ते टणक, स्वस्त मांस. त्याचं करायचं काय? १८५० च्या दशकात त्याने तेच मांस उकळून त्याचं सूप, म्हणजे ‘बूयाँ’, आणि उकडलेलं मांस असं साधं जेवण विकायला सुरुवात केली. आठवलं? तेच ते ताकदीचं सूप! पण या वेळी ते नाजूक तब्येतीच्या श्रीमंतांसाठी नव्हतं. बाजारहाट करणारे, कामगार, कारकून यांच्यासाठी होतं. पॅरिस तेव्हा नव्याने बांधलं जात होतं. घरापासून लांब कामाला जाणाऱ्यांना दुपारी झटपट, गरम आणि परवडणारं जेवण हवं होतं.

द्युव्हालने मग सगळं बसवलं. प्रत्येक पदार्थाची किंमत ठरलेली. गिऱ्हाइकाच्या हातात कार्ड, त्यावर वाढणारी खुणा करणार, पैसे काउंटरवर. वाढायला काळा पोशाख, पांढरा एप्रन आणि पांढरी टोपी घातलेल्या बायका. मांस स्वतःचं, पाव स्वतःच्या बेकरीतला. शाखांमागून शाखा निघाल्या. एकसारखा मेन्यू, एकसारखा युनिफॉर्म... आज मॉलच्या फूड कोर्टमध्ये जे बघतो, ते एका खाटकाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं. बाई एकटी जाऊन निर्धास्त जेवू शकेल अशा पॅरिसमधल्या पहिल्या काही जागांमध्येही यांची गणना होते.

द्युव्हालची साखळी काळाच्या ओघात संपली. पण १८९६ मध्ये फ्रेदेरिक आणि कामी शार्तिए या भावांनी काढलेलं ‘बूयाँ शार्तिए’ अजून चालू आहे. उंच छत, पितळी रॅक, आरसे. इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला १९८९ मध्ये. तरी थाट तोच! रिझर्व्हेशनची भानगड नाही, रांगेत उभं राहायचं. जागा असेल तिथे अनोळखी माणसाशेजारी बसायचं. वेटर हिशेब करतो तो टेबलावरच्या कागदावर, तुमच्या डोळ्यांदेखत. भिंतीला नंबर घातलेले छोटे खण आहेत. रोज येणारे कारकून आपला नॅपकिन त्यात ठेवून जायचे. आणि अंड्यावर मेयॉनेजसारखे साधे, खिशाला परवडणारे पदार्थ. २०१७ मध्ये ‘बूयाँ पिगाल’ निघालं आणि पॅरिसच्या तरुण मंडळींत अशा बूयाँची पुन्हा क्रेझ आली. कारण सरळ आहे. दुपारी भूक लागते आणि पगार पुरवायचा असतो. १८९६ मध्येही हेच होतं.

मला विचाराल, तर खरं ‘सिन्स’ हेच. शार्तिएमध्ये साल जुनं आहेच, पण ज्याच्यासाठी ती जागा काढली तो माणूस अजून तिथे येतो, जेवतो आणि त्याला परवडतं. प्रोकोपमध्ये तुम्हाला जागा मिळेल, मेनिएंच्या गावी गिरणी बघायला मिळेल, डिजॉनला बरणी मिळेल. शार्तिएमध्ये जेवण मिळतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी रॅकसमोर उभे राहाल आणि ते सोनेरी साल डोळा मारेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. तुला कोणी काढलं? कोणासाठी काढलं? आणि आता तो माणूस तुला विकत घेऊ शकतो का? उत्तरं आवडली तर बरणी खुशाल घ्या. नाही आवडली, तर राई घरी आहेच. थोडं व्हिनेगर घाला, मिक्सरमधून फिरवा आणि बरणीवर स्वतःच्या हाताने लिहा...

सिन्स कालपासून!